दुभाष्याचा धंदा आणि त्याची अर्ध्या तासाची पाळी



कामगार-चळवळीतल्या माणसाने व्यासपीठावर यावे आणि बोनस, महागाई, संप हे विषय सोडून दुभाष्यांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनाही वाटले. म्हणून कारण आधी सांगतो. आमच्या युनियनच्या सभासद असलेल्या एका विडीकामगार बाईंची मुलगी दोन वर्षांपूर्वी बी. ए. झाली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि कानडी, कॉलेजात इंग्रजी, अशा अस्सल सोलापुरी थाटाने तिच्या जिभेवर पाच भाषा बसलेल्या. एके दिवशी ती कचेरीत आली आणि म्हणाली, "काका, मोठमोठ्या परिषदांतून कानाला यंत्र लावून, बोलणाराच्या पाठोपाठ भाषांतर बोलत जाणारे लोक असतात ना, त्यांच्यात शिरायचं तर काय करावं लागतं?" आम्हांला ठाऊक नव्हते. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपुढे गेलेले नाही. जे काही आले ते युनियनच्या कपाटातील पुस्तकांतून आणि रात्रीच्या वाचनातून. तेव्हा आम्ही वाचू लागलो, आणि वाचता वाचता असे दिसून आले की, हा धंदा जन्मला तो आमच्याच घरात, कामगारांच्या परिषदेत. मग मात्र गप्प बसवेना.

तसा दुभाषा आपल्याला नवीन नाही. १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहासाठी गडावर आला होता, आणि इंग्रजांचा दुभाषा होता नारायण शेणवी. दरबारातील रीत अशी की, एकाने बोलावे व थांबावे, दुभाष्याने सांगावे व थांबावे, मग समोरच्याने उत्तर द्यावे. वेळ मुबलक, बोलणारे दोन, आणि दोघेही मोठे. या रीतीला आम्ही आज 'मागाहूनचे भाषांतर' म्हणू. वक्त्याला न थांबवता, तो बोलत असतानाच त्याच्या मागोमाग चालणारे जे भाषांतर, त्याला 'सोबतचे भाषांतर' म्हणू. पहिली रीत राज्ये निर्माण झाली तेव्हापासूनची. दुसरीचे वय आता कोठे शंभरीला टेकले आहे.

मागाहूनच्या भाषांतराची भरभराट झाली ती १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत. तोवर युरोपच्या मुत्सद्देगिरीची भाषा फ्रेंच होती. तेथे इंग्रजीला तिच्या बरोबरीचे आसन मिळाले आणि दुभाष्यांचे दिवस आले. विल्सन, लॉइड जॉर्ज, क्लेमान्सो आणि ओर्लांदो हे चौघे दार लावून बसत, आणि त्यांच्याजवळ असे पॉल मांतू. हे मांतू कोण? औद्योगिक क्रांतीचा इतिहास लिहिणारे! अठराव्या शतकातील इंग्लंडात सूतगिरण्या कशा उभ्या राहिल्या हे सांगणारे त्यांचे १९०६ सालचे पुस्तक इंग्रजी भाषांतरात आमच्या कपाटात आहे, आणि त्याच्या समासात आमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. यंत्र आले आणि हातकारागिराची विद्या मातीमोल झाली, ही कहाणी लिहिणाऱ्या पंडिताने ज्या कलेत नाव मिळविले, त्या कलेवरही पुढे यंत्राची पाळी यावी हा योग आम्हांला चमत्कारिक वाटला. मांतूंनी त्या बैठकांची टिपणे १९५५ साली प्रसिद्ध केली. बंद दारामागे चौघे काय बोलले हे जगाला कळले त्यात त्या टिपणांचा वाटा मोठा आहे.

त्याच शांतता परिषदेतून आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली. तिचे पहिले अधिवेशन १९१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वॉशिंग्टनला भरले. प्रत्येक देशाचे प्रतिनिधी चार: सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने नारायण मल्हार जोशी गेले. त्यांना नेमले होते सरकारने. आपला माणूस आपण निवडावा, ही इच्छा पुढल्याच वर्षी मुंबईत आयटकची स्थापना होण्यामागच्या कारणांपैकी एक होती. जोशी पदवीधर, भारत सेवक समाजाचे सदस्य. त्यांना इंग्रजीची अडचण नव्हती. पण सगळ्या देशांचे कामगार प्रतिनिधी असे नव्हते. सरकारी प्रतिनिधी म्हणजे वकील किंवा मुत्सद्दी, त्याला फ्रेंच येणार. कारखानदाराचा परदेशाशी व्यापार, त्यालाही एखादी परभाषा येणार. अडले ते खाणीतून, गोदीतून, छापखान्यातून युनियनच्या वाटेने वर आलेल्या माणसाचे. तो बोलणार आपल्या घरच्या भाषेत, आणि संघटनेच्या अधिकृत भाषा दोनच. त्याने दहा मिनिटे बोलावे, मग तेच दहा मिनिटे इंग्रजीत, तेच दहा मिनिटे फ्रेंचमध्ये. दहा मिनिटांच्या भाषणाला अर्धा तास! अध्यक्षाला घाई झाली की कात्री कोणाच्या भाषणाला लागणार, हे युनियनच्या माणसाला सांगावे लागत नाही.

यावर तोड काढली ती एका दुकानदाराने. बॉस्टनचा एडवर्ड फायलीन हा कापडचोपडाच्या मोठ्या पेढीचा मालक. १९०७ साली तो हिंदुस्थानात येऊन गेला होता, आणि इथल्या खेड्यांतील सहकारी पतपेढ्या पाहून परत गेल्यावर अमेरिकेत पतसंस्थांची चळवळ उभारण्यात तो पुढे झाला. मालकवर्गाविषयी आमचे मत आपणांस ठाऊक आहे. तरी या मालकाचे देणे नाकारता येत नाही. त्याची कल्पना साधी होती. वक्ता बोलत असतानाच दुभाष्याने हलक्या आवाजात भाषांतर बोलावे, ते तारेतून प्रतिनिधींच्या बाकांपर्यंत जावे, आणि ज्याने त्याने कानाला टेलिफोनसारखे यंत्र लावून आपल्या भाषेत ऐकावे. गॉर्डन फिन्ले नावाच्या ब्रिटिश तंत्रज्ञाने ती जुळणी बसविली. १९२७ साली जिनीव्हात मजूर संघटनेच्या अधिवेशनात तिचा वापर झाला, १९२८ साली तो वाढला. पुढे हे यंत्र आय. बी. एम. कंपनीकडे गेले. त्याच १९२८ साली मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या सहाव्या काँग्रेसमध्येही दुभाषे वक्त्याच्या समोर खुर्च्या टाकून, गळ्यात ध्वनिक्षेपक अडकवून बसले होते. बॉस्टनचा भांडवलदार आणि मॉस्कोचे क्रांतिकारक एकाच वेळी एकाच उपायाकडे आले, कारण अडचण एकच होती.

तरीही हा सगळा प्रयोगच. या धंद्याला धंदेपण आले ते न्यूरेंबर्गला.

२० नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी पुढाऱ्यांवरचा खटला सुरू झाला. न्यायाधीश इंग्रज, अमेरिकन, फ्रेंच, रशियन, आरोपी जर्मन. आरोपीला आपल्यावरचा आरोप आपल्या भाषेत समजलाच पाहिजे, त्यावाचून तो न्याय नव्हे. मागाहूनचे भाषांतर करावे तर एकेक प्रश्न चार वेळा उच्चारावा लागेल आणि खटला वर्षानुवर्षे चालेल. लेआँ दोस्तेर नावाचा, फ्रान्समध्ये जन्मलेला अमेरिकन कर्नल होता. त्याने सोबतच्या भाषांतराचा धोशा धरला. यंत्रे आय. बी. एम. ने फुकट दिली. माणसे मात्र तयार मिळेनात. मोठमोठे भाषापंडित परीक्षेला बसत आणि एका कानाने ऐकत तोंडाने बोलायची वेळ आली की मुके होत. शेवटी छत्तीस जण उभे केले, बारा-बारांच्या तीन तुकड्या. चार भाषांची चार बाके, प्रत्येक बाकावर तिघे, मध्ये काचेचा आडोसा, डोक्यावर छप्पर नाही. पाळी पंचाऐंशी मिनिटांची. दोन तुकड्या आळीपाळीने, तिसरीला त्या दिवशी सुटी. वक्ता घाई करू लागला तर पिवळा दिवा, भाषांतर खुंटले तर तांबडा. तांबडा लागला की भर न्यायालय थांबे. कोणत्या गिरणीत कामगाराच्या हाती असे बटण आहे, सांगा पाहू!

आता यात अवघड काय, ते थोडे खोलात सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या मराठीलाही लागू आहे. जर्मन वाक्यात क्रियापद पुष्कळदा अगदी शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग हवे. मराठीचेही तसेच. समजा, बोलणीच्या टेबलावर आमच्यातला एक जण म्हणाला, "कंपनीने मांडलेला हा बोनसचा प्रस्ताव, गेल्या वर्षीचा तोटा लक्षात घेऊनसुद्धा, आणि कामगारांची आजवरची सबुरी पाहता, आम्हांला मान्य..." इथे दुभाष्याचा श्वास अडकतो. आहे की नाही? संप की समझोता? ते शेवटच्या एका शब्दात आहे, आणि इंग्रजी ऐकणारा कानाला यंत्र लावून केव्हाचा थांबला आहे. दुभाष्याने वाट पाहावी तर पुढचे वाक्य येऊन आदळते. न पाहावी तर तोंडून भलतेच जाते. कसलेला दुभाषा काय करतो? तो आधी प्रस्तावाचे नाव घेतो, तोट्याचे वाक्य वेगळे सुटे करून टाकतो, सबुरीचे वेगळे, आणि 'मान्य'चा धागा सैल धरून ठेवतो. त्याच वेळी कान पुढल्या वाक्यावर. ऐकणे, समजणे, बोलणे आणि स्वतःचे बोलणे तपासणे, ही चार कामे एका डोक्यात एकदम चालतात. आम्ही चार माग एकदम चालविणारा कारागीर पाहिला आहे. पण त्याचे चारही माग एकच कापड विणतात.

एका शब्दाने किती बिघडते याचा दाखला खुद्द न्यूरेंबर्गचा आहे, जरी तो लेखी भाषांतरातला असला तरी. मार्च १९४६ मध्ये अमेरिकन वकील जॅक्सन गोअरिंगची उलटतपासणी करीत होता. त्याने एक कागद पुढे केला. त्यात ऱ्हाइनप्रदेशाच्या मुक्ततेची तयारी असे शब्द होते. गोअरिंगने मूळ जर्मन शब्दावर बोट ठेवले: ही ऱ्हाइन नदी वाहतुकीसाठी मोकळी करण्याची गोष्ट आहे, प्रदेशाची नव्हे. त्या एका चुकीने आरोपी वकिलाच्या वरचढ ठरला, आणि जॅक्सनचा तोल गेला.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार लागली. दुभाषा 'तो म्हणतो' असे म्हणत नाही, 'मी' म्हणतो. त्या बाकांवर जर्मनीतून जीव घेऊन पळालेले लोक होते, ज्यांची माणसे छळछावण्यांत गेली असे लोक होते; आणि गोअरिंग बोलू लागला की त्यांनी 'मी' म्हणून त्याचे म्हणणे मांडायचे, आवाज न चढवता, कणभरही कमीजास्त न करता. शेवटी आरोपींना फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, तेव्हा जर्मनमध्ये त्या त्यांच्या कानांत घालणारा आवाज वुल्फ फ्रँक याचा होता, तोही नाझी राजवटीतून निसटलेला.

न्यूरेंबर्गहून दोस्तेर संयुक्त राष्ट्रसंघात गेला. तेथे मागाहूनच्या भाषांतराचे जुने उस्ताद बसलेले होते. तासाभराचे भाषण चार खुणांच्या टिपणांवरून, हावभावासकट परत उभे करणारी ती माणसे. वक्त्याइतकेच त्यांनाही लोक ऐकत. त्यांना काचेच्या खोपटात बसून तारेतून बोलणे हलके वाटले. नव्यांना ते 'टेलिफोनवाले' म्हणून हिणवीत. अर्थ हरवेल, चुका होतील, आणि ऐकणाराला दुभाषा दिसणारही नाही, असे त्यांचे आक्षेप. त्यातले पहिले दोन अगदीच खोटे नव्हते. पण वेळेचा हिशेब त्यांच्या विरुद्ध होता. १५ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ठराव करून सोबतचे भाषांतर कायमचे स्वीकारले. जुन्या परंपरेतल्या जाँ हर्बेर यांचे नाव इथे घ्यावेसे वाटते. हे संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्य दुभाषे होते, १९५२ साली दुभाष्यांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिले, आणि विवेकानंद व अरविंद यांचे विचार फ्रेंच वाचकापर्यंत नेले तेही त्यांनीच.

हातमागवाल्यांनी यंत्रे फोडली. दुभाष्यांनी तसे केले नाही. ते यंत्रापुढे बसले आणि मग एकत्र आले. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी पॅरिसमध्ये परिषद-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली; फ्रेंच आद्याक्षरांवरून तिला 'आयिक' म्हणतात. या विद्वान मंडळींनी सर्वांत आधी हात घातला तो कामाच्या तासांना आणि माणसांच्या संख्येला. एका खोलीत दुभाषा एकटा नको, निदान दोन. साधारण अर्ध्या तासाला पाळी बदलायची, कारण त्यापुढे मेंदू थकतो आणि गंमत अशी की, आपण चुकतो आहोत हे थकलेल्याला समजतही नाही. खोलीत हवा हवी, आवाज स्वच्छ हवा, वक्ता दिसला पाहिजे. १९६९ साली या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाशी करार केला. तेथील दुभाष्याला आठवड्यात सुमारे तीन-तीन तासांच्या सातांहून अधिक बैठका देत नाहीत. बाहेरच्याला वाटेल, काय ऐषारामाची नोकरी! त्याने २३ सप्टेंबर २००९ आठवावा. लिबियाचे गडाफी आमसभेत पंधरा मिनिटांच्या जागी छप्पन्न अधिक चाळीस, म्हणजे शहाण्णव मिनिटे बोलले. त्यांनी दुभाषा स्वतःचा आणला होता. सुमारे पाऊण-एक तास आणि वर पंधरा-वीस मिनिटे त्याने रेटले, मग तो कोलमडला, आणि उरलेले भाषण संघाच्या एका दुभाषी बाईंनी पार पाडले. आपले कृष्ण मेनन १९५७ च्या जानेवारीत सुरक्षा समितीत काश्मीरवर दोन दिवसांत मिळून आठ तासांच्या घरात बोलले. मेनन यांना घेरी आली हे सर्वांना आठवते. त्यांच्यामागून ज्यांनी ते फ्रेंचमध्ये नेले, त्यांची आठवण कोणी ठेवली नाही.

आता आमच्या खास जिव्हाळ्याची गोष्ट. यांतले बरेच दुभाषे पगारी नोकर नसतात. आज या परिषदेला, उद्या त्या. त्यांच्या संघटनेने किमान दर ठरविला होता. १९९७ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो बेकायदा ठरविला. का? तर तुम्ही कामगार नव्हे, स्वतंत्र धंदेवाईक; धंदेवाइकांनी मिळून भाव ठरविणे म्हणजे स्पर्धेला बाधा. हे वाचले आणि आम्ही पुस्तक मिटून हसलो. विडीच्या धंद्यातील 'खरेदी-विक्री पद्धत' आपल्याला ठाऊक असेल. कारखानदार म्हणतो, मी बाईला पान-तंबाखू विकतो, ती मला विडी विकते. ती माझी कामगार कुठली, ती तर व्यापारी! या युक्तीविरुद्ध झगडून १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा झाला, घरी बसून विड्या वळणारीही कामगार ठरली, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. जिनीव्हाच्या काचेआड बसलेला पाच भाषांचा पंडित आणि आमच्या वस्तीतील उंबऱ्यावर सूप घेऊन बसलेली बाई, दोघांना एकाच शब्दाने कामगारपणातून बाहेर काढले होते.

करोनाच्या साथीनंतर परिषदा तारेवर भरू लागल्या तेव्हा दुभाष्यांच्या कानांवर संकट आले. घरून बोलणाराचा आवाज चिरका, मध्येच कर्कश. २०२२ साली युरोपीय पार्लमेंटच्या दुभाष्यांनी दूरून बोलणारांचे भाषांतर करण्याचे नाकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅनडाच्या सिनेट-समितीत एका दुभाष्याच्या कानाला असा आघात झाला की रुग्णवाहिका बोलवावी लागली. २०२३ च्या आरंभी तेथील मजूर खात्याने दोष भाषांतर विभागाच्या पदरी घातला.

आपल्या लोकसभेत सोबतचे भाषांतर १९६४ च्या सप्टेंबरात सुरू झाले, आरंभी हिंदी-इंग्रजीपुरते. नंतर सभासदाने आगाऊ सूचना दिल्यास इतर भाषांची सोय होऊ लागली, त्यांत मराठी आहे. म्हणजे मराठीतून संसदेत बोलता येते. पण बोलणाराच्या शब्दांना पलीकडे पोचविणारा कोणीतरी काचेआड बसलेला पाहिजे.

इथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सरकारी अधिकाऱ्यापुढे विडीकामगारांच्या तक्रारीची सुनावणी होती. बायका तेलुगू बोलणाऱ्या, अधिकारी मराठी, दुभाषे आम्ही. एक वयस्क बाई उठल्या आणि सात-आठ मिनिटे बोलल्या. हजार विड्यांची म्हणून दिलेली पाने किडकी-फाटकी, त्यांत आठशेच होतात. उरलेल्या दोनशेंसाठी पान पदरच्या पैशाने बाजारातून आणावे लागते. आणि इतके करून दिलेल्या विड्यांतल्या मूठभर वाईट म्हणून बाजूला काढतात त्यांचे पैसे नाहीत, त्या विड्याही परत नाहीत. अधिकारी घड्याळ पाहत होता. आम्ही सांगितले, "साहेब, पानं कमी मिळतात असं बाईंचं म्हणणं आहे." बाईंना मराठी बोलता येत नसे, पण कळत होते. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "अन्ना, मी एवढंच बोलले का?" सुनावणी संपली, तक्रार 'पाने कमी' एवढ्याच दोन शब्दांनी नोंदली गेली, आणि दोनशे विड्यांचा हिशेब त्या कागदावर कधीच आला नाही. आम्ही त्यांच्याच बाजूचे होतो. त्यांचा आवाज आम्हीच कापला.

त्या मुलीला आम्ही ही गोष्ट सांगितली, आणि मग तिच्या प्रश्नाचे जमेल तसे उत्तर दिले. या धंद्यात भाषांच्या तीन पायऱ्या मानतात: पहिली मायबोली, दुसरी जिच्यात बोलू शकतो ती, तिसरी नुसती नीट समजते ती. पाच भाषा बाजारात चालणे वेगळे आणि एक भाषा सभेत पेलणे वेगळे. जिनीव्हात १९४१ पासून दुभाष्यांची शाळा आहे, पॅरिसला १९५७ पासून; तिथला खर्च आमच्या आवाक्यातला नाही. लोकसभेच्या सचिवालयाच्या परीक्षा मात्र आहेत. तिने आधी ठरवावे, मायबोली तेलुगू की मराठी. तिला याचा राग आला. "दोन्ही," ती म्हणाली. आम्ही वाद घातला नाही.

हल्ली ती आठवड्यातून दोनदा कचेरीत येते. आम्ही मराठीत बोलायचे, तिने मागोमाग इंग्रजीत, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तिच्या मैत्रिणीने पाहायचे. पहिल्या दिवशी तीन मिनिटांत गाडी थांबली होती. परवा आमचेच एक जुने गेटसभेचे भाषण आम्ही तिला ऐकविले, अकरा मिनिटे तिने छान ओढले, आणि मग कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, तुम्ही क्रियापद येऊच देत नाही हो!" मैत्रिणीने पाणी आणून दिले, आणि ते वाक्य आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचले, जरा सावकाश.